ताटावरचे तीन ठोके

जरा डोळे मिटा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की तुमच्या घराच्या डाव्या बाजूला एक माणूस तांब्याच्या पत्र्यावर हातोडी मारतो आहे. उजव्या बाजूला दुसरा. समोर दोघे, आणि त्यांच्या पलीकडे आणखी चार. सकाळी दूध येतं तेव्हापासून दिवे लागेपर्यंत ठकठक, ठकठक. तुम्हाला तहान लागली आहे. आई चार पावलांवर बसली आहे. तुम्ही म्हणता, "आई, पाणी." तिला ऐकूच जात नाही. मग काय कराल?

उठून स्वतःच घेऊ, असं तुमच्यातला एखादा म्हणेल. बरोबर आहे. पण दिवसभर, रोज, प्रत्येक गोष्टीला असंच होत असेल तर?

नाशकातल्या तांबट आळीतल्या मुलांना हा प्रश्न कधी पडला नाही. ती मुलं हातांनी बोलत. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटं गालावर टेकली की आई बोलावते आहे. आणि पंजा उघडून हात वर धरला की, थांबा, हातोडी खाली ठेवा. ही शेवटची खूण मुलं सहसा करत नसत. मोठ्यांचं काम थांबवायचं तर कारणही तसंच मोठं लागे.

जेवायला बोलावण्याची प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी होती. कुणी दाराची कडी वाजवी, कुणी घंटा. भिमाजी तांबटाच्या घरी त्याची बायको सरुबाई पितळी ताटावर पळीने तीन ठोके मारी. शंभर हातोड्यांच्या गदारोळातही भिमाजीला ते तीन ठोके नेमके ऐकू येत. तांब्याचा आवाज वेगळा आणि पितळेचा वेगळा, हे तांबटाच्या कानाला सांगावं लागत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी चिमणा. वय दहा. मुलींच्या शाळेत चौथीत होती, आणि चौथीला मी शिकवत असे.

शाळा सुटण्याआधी मी मुलींना थोडा वेळ गप्प बसवत असे. मांडी घालायची, हात मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आज दिवसभरात आपल्या हातून काय झालं ते आपल्याशीच बघायचं. कुणाला सांगायचं नाही. वर्गात घड्याळ नव्हतं. म्हणून मी फळा ओल्या फडक्याने पुसायचो, आणि तो वाळेपर्यंत बसायचं, असा नियम होता. पावसाळ्यात फळा वाळता वाळत नसे आणि मुली कुरकुरत.

पहिल्याच दिवशी चिमणाने मध्येच डोळे उघडले. "गुरुजी, गप्प बसलं की मला ठकठक ऐकू येते."

"ही आळी दप्तरात घालून आणते," मागून एक मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी म्हटलं, "येऊ दे ऐकू. ठकठक दमली की तिच्या मागे काय आहे ते बघ."

चिमणा रोज बघू लागली. पंधरा-वीस दिवसांनी शाळा सुटताना ती माझ्या टेबलापाशी रेंगाळली. म्हणाली, "गुरुजी, मागे आई गुणगुणते आहे." अमावास्येला आळीचं काम बंद असे. महिन्यातल्या त्या एका दिवशी तिला समजलं होतं, की भाकरी थापताना आई काहीतरी गुणगुणते. एरवी ते कुणालाच ऐकू जात नसे.

हे सगळं एकोणीसशे बत्तीस सालचं. ते सिंहस्थाचं वर्ष. लांबलांबून लोक गंगेवर स्नानाला येणार होते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. जो येईल तो तांब्याच्या गडूत गंगेचं पाणी भरून घरी नेणार. त्यामुळे आळीत वर्षभर आधीपासून गडूच गडू बनत होते. भिमाजी मठाराचं काम करी. मठार म्हणजे गडूच्या अंगावर हातोडीने ओळीने घातलेल्या बारीक खळ्या. त्याने भांडं बळकट होतं आणि चमकतं. भिमाजीच्या हातची ओळ दोऱ्याने आखल्यासारखी येई.

आषाढातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, हनीफ आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. हनीफचं कल्हईचं दुकान भिमाजीच्या घरासमोर होतं. त्याचे हात कोळशाने काळे होते. मी विचारलं, "काय हनीफभाई?" त्याने चिमणाकडे बघितलं आणि पंजा उघडून हात वर धरला.

शाळेत ठकठक नव्हती. तिथे हाताने बोलण्याचं कारणच नव्हतं. तरी त्याने तो हात का वर केला, ते चिमणाला कळलं. ती पाटी तिथेच टाकून धावत गेली.

सरुबाई गेली होती. छातीत कळ आली आणि चुलीपाशीच ती कोसळली.

आता आळीची एक रीत सांगतो. तिथे कुणी गेलं की सगळ्या हातोड्या थांबत. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरची हातोडी वाजल्याशिवाय दुसरं कुणी काम धरत नसे. सुतक फिटून बाराव्या-तेराव्याला त्या घरातून पहिला ठोका येई, मग आळी सुरू होई. ऐन सिंहस्थाची घाई होती, तरी आळी थांबली. आळीच्या पार टोकाला उभं राहिलं तरी हनीफच्या भात्याचा श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी भिमाजी अस्थी गंगेत सोडून आला आणि ओल्या धोतरानेच ऐरणीशी बसला. त्याने हातोडी उचलली.

लोक ओट्यांवर आले. सुतकात केलेला गडू गंगेच्या पाण्यासाठी कोण घेणार? ते भिमाजीला माहीत नव्हतं असं नाही. तो गडू करतच नव्हता. मोडीत टाकलेला एक फाटका पत्रा त्याने समोर घेतला होता आणि त्याच्यावर ओळी घालत होता. पत्रा भरला की उलटा करायचा, पुन्हा ओळी.

"दगड आहे दगड," एकजण म्हणाला. पण दुपारनंतर त्याच्याही घरातून हातोडी वाजू लागली. खोळंबलेलं काम सगळ्यांचंच होतं.

त्या दिवसानंतर भिमाजीची हातोडी थांबली नाही. सुतक फिटलं, खरे गडू सुरू झाले. तो पहाटे बसायचा तो दिवे लागेपर्यंत. जेवायची वेळ झाली की हनीफ रस्ता ओलांडून यायचा आणि त्याच्या खांद्यावर थाप मारायचा. मग तो पाच घास खाऊन परत ऐरणीशी. चिमणाशी तो बोलत नव्हता. रागावतही नव्हता. ती समोर आली की नजर गडूवर ठेवायचा.

चिमणाची एकच इच्छा होती. बाबांनी एकदा हातोडी ठेवावी, आपल्याजवळ बसावं आणि आईचं काहीतरी बोलावं. काहीही. ती काय गुणगुणायची, ते जरी सांगितलं तरी चाललं असतं, कारण चिमणाला चाल आठवत होती आणि शब्द आठवत नव्हते.

नागपंचमी झाली आणि देवळ्याहून कुसाबाई आली. ही चिमणाची मावशी, सरुबाईची धाकटी बहीण. दहा वर्षं देवळ्याला नांदून तिची बोली तिकडची झाली होती. दोन दिवस तिने घरातली तऱ्हा बघितली आणि तिसऱ्या दिवशी भिमाजीच्या कानाशी जाऊन ओरडली, "दाजी, मी पोरीला घेऊन जाते. हितं तिला बापबी नाय आन् आईबी नाय."

भिमाजीने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते कुसाबाईला कळलं नाही. तिने हो धरलं. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, दुपारच्या मोटारीने निघायचं ठरलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर चिमणा मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हाला गप्प बसायला सांगता. तसं बाबांना सांगाल?"

मी गेलो. ऐरणीजवळ बसलो. बोलायला मला ओरडावं लागत होतं, आणि गप्प बसण्याविषयी ओरडून सांगताना माझं मलाच कसंतरी वाटत होतं.

"भिमाजी, थोडा वेळ काढ. पोरीजवळ बस. स्वतःजवळही बस."

"फुरसत कुठंय, गुरुजी. पर्वणी तोंडावर आली."

"मुली फळा वाळेपर्यंत बसतात. तेवढा तरी."

"तुमच्या फळ्यावरचं पुसलं जातं," तो म्हणाला. हातोडी चालूच होती. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसलो की ऐकू येतं."

"चिमणालाही यायचं. थांबतं ते हळूहळू."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हातोडी हवेत होती. "हे नाही थांबत," तो म्हणाला आणि ती खाली आली.

मला वाटलं, तो हातोड्यांच्या आवाजाविषयी बोलतो आहे. मी उठलो, धोतर झटकलं आणि घरी आलो. चार चांगल्या गोष्टी सांगून आलो, असंही मनात म्हटलं असेन. त्याला काय ऐकू येतं, एवढं मी विचारलं असतं तर. पण नाही विचारलं. पुढचं जे सांगतो आहे ते चिमणाने आणि हनीफने मला सांगितलेलं आहे.

बेस्तरवारी कुसाबाईने स्वयंपाक लवकर केला. चिमणाचे दोन परकर, पाटी आणि आईची एक जुनी चोळी एवढं गाठोड्यात बांधलं आणि गाठोडं दाराशी ठेवलं.

"बापाला बोलीव जेवायला," ती म्हणाली. "हनीफभाई दुकानात दिसत नाय."

चिमणा उठली. तिला वाटलं, आज शेवटचंच आहे तर आई बोलवायची तसं बोलवावं. याहून जास्त तिच्या मनात काही नव्हतं. ताट खिळ्याला टांगलेलं होतं. महिनाभरात त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने ते काढलं तेव्हा काठाला एक पोचा दिसला. तो पूर्वी नव्हता. तिने पळी घेतली आणि तीन ठोके मारले.

ओट्यावरची हातोडी थांबली.

मग धावत येणारी पावलं. भिमाजीचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, पण त्याला ते कळलंही नाही. आत येऊन त्याने चिमणाकडे बघितलं नाही, कुसाबाईकडे बघितलं नाही. चुलीपुढच्या जमिनीकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. नुकतंच सारवलेलं होतं.

मग त्याला चिमणाच्या हातातलं ताट दिसलं.

"कुणी वाजवायला सांगितलं तुला?"

"जेवायला बोलावलं, बाबा."

"पुन्हा हात लावायचा नाही त्याला. ठेव ते. ठेव म्हणतो ना."

चिमणाच्या हातून पळी पडली.

"दाजी, पोरीवर कशापायी वरडता?" कुसाबाई पुढे आली. "महिनाभरात एक शब्द बोलला नाय तिच्याशी. आन् आज तोंड उघडलं ते ह्यासाठी?"

भिमाजी उभा होता तिथेच खाली बसला.

तेवढ्यात शेजारची हातोडी थांबली. मग तिच्या पलीकडची. भर दुपारी एखाद्या घरची हातोडी अशी मध्येच तुटली आणि माणूस आत धावला, तर आळीत त्याचा एकच अर्थ होता. ओळीने एकेक घर गप्प होत गेलं. शेवटी कुठेतरी लांब एक हातोडी राहिली, तीही थांबली. पातेल्यावरचं झाकण वाफेने हलत होतं, तेवढंच आता ऐकू येत होतं.

"मी ऐकलं होतं," भिमाजी म्हणाला.



"त्या दिवशी तिने वाजवलं. तीन नाही. दोनच वाजले. दुसरा नीट नव्हता. मला वाटलं, जेवायला बोलावते. हातात गडू होता, ओळ अर्धी राहिली होती. म्हटलं, एवढी ओळ झाली की उठू. ओळ झाली. मग म्हटलं, अजून एक." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "जेवणाची वेळच नव्हती. पोर शाळेत होती. चिमणा आल्याशिवाय सरूने कधी ताट वाजवलं नाही. चूलसुद्धा पेटलेली नव्हती. तांब्याची थाळी कुठली आणि पितळेची कुठली, ते मला लांबून कळतं. पण दहा वाजता जेवायला कोण बोलावतं, ते नाही कळलं."

"दाजी," कुसाबाईचा आवाज उतरला होता. "येऊनबी काय केलं असतं? छातीची कळ ती."

"पाणी दिलं असतं."

कुसाबाईने पदर तोंडाशी धरला.

"मी आलो तेव्हा ताट तिच्या हाताखाली होतं," भिमाजी म्हणाला. "हातोडी चालू असली की ते दोन ठोके ऐकू येत नाहीत. थांबली की येतात."

चिमणाने ताटाच्या काठावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं. तिने विचारलं, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

भिमाजीने मान वर केली नाही. "तू माझ्याकडे कसं बघशील, ते कळत नव्हतं."

चिमणा त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कपाळावर चौकटीचा ओरखडा उमटला होता आणि त्यातून रक्त येत होतं. तिला राग आला होता. तो इतका होता की ताट फेकून द्यावं आणि गाठोडं उचलून एकटीनेच मोटारीकडे चालत जावं, असं तिला वाटलं. हे तिने मला पुढे सांगितलं, आणि ते लपवलं नाही याचं मला बरं वाटलं.

दारात सावली पडली. हनीफ आला होता. त्याच्या मागे रस्त्यावर आणखी पाच-सात माणसं उभी होती, कुणाच्या हातात अजून सांडशी. हनीफने आधी चिमणाला बघितलं, मग कुसाबाईला, मग खाली बसलेल्या भिमाजीला. सगळे जिवंत आहेत हे बघून त्याचे खांदे सैल झाले.

"काय झालं, बेटा?" त्याने हळूच विचारलं. आज त्याला ओरडावं लागलं नाही.

"काय नाय झालं," कुसाबाईने डोळे पुसले. "सांगा त्यांना, काम धरा म्हणावं. पर्वणीचे दिवस हायेत. आमच्यापायी कशाला खोळंबा."

भिमाजीने हे ऐकलं. त्याचा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी. आळी त्याच्या हातोडीसाठी थांबली होती. त्याला उठायला हवं होतं. आणखी एक ओळ, मग अजून एक. चिमणाने तो हात बघितला.

तिने ताट खिळ्याला लावलं. पळी उचलून त्याच्या शेजारी अडकवली. मग ती हनीफला बाजूला सारून ओट्यावर गेली.

सगळी आळी तिच्याकडे बघत होती. तिने उजव्या हाताचा पंजा उघडला आणि हात वर धरला, डोक्याच्याही वर, पार टोकाच्या घराला दिसावा असा. हनीफने एकदा तिच्याकडे बघितलं आणि रस्त्याकडे वळून आपला काळा हात तसाच वर केला. मग शेजारच्या ओट्यावर एक हात वर गेला. त्याच्या पलीकडे दुसरा.

आत आल्यावर ती दाराशी ठेवलेल्या गाठोड्यापाशी क्षणभर थांबली. ते तिने उचललं आणि मावशीच्या हातात दिलं. कुसाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग गाठोड्याची गाठ सोडली.

चिमणा बाबांच्या समोर गेली. त्यांच्यापासून हातभर लांब, त्यांना स्पर्श होणार नाही अशी बसली. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले. डोळे मात्र तिने मिटले नाहीत. बाबांकडे बघत ती बसून राहिली, आणि बऱ्याच वेळाने, शब्द आठवत नव्हते म्हणून नुसती चाल, हळूच गुणगुणू लागली.